एकादशीचा उपवास आणि दिवेघाट एकाच दिवशी : वारीत शरीर कसं सांभाळायचं?

कऱ्हामाई

रामकृष्णहरी माउली. माउलींच्या सोहळ्यातल्या एका दिंडीच्या औषधपेटीचं काम यंदा माझ्याकडे आहे. दीडशे वारकरी, निम्म्याहून जास्त साठीच्या पुढचे, आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे तीसेक जण.

अडचण पंचांगातच आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान, नवमीला पुणे, दशमीला पुण्यातच मुक्काम आणि एकादशीला पुणे ते सासवड. तिथी एखादा दिवस मागेपुढे होते, पण बहुतेक वर्षी हाच मेळ पडतो. म्हणजे वाटेतली सगळ्यात लांब चाल, सुमारे तीस-बत्तीस किलोमीटर, त्यात दिवेघाटाची चढण, आणि नेमका त्याच दिवशी उपवास.

"देवाचं नाव घेतलं की काही होत नाही" असं दिंडीतले जुने लोक म्हणतात. घरचे डॉक्टर म्हणतात, "उपवास तरी सोडा, नाहीतर वारी तरी." मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. नामस्मरण, उपवास, पायी चाल हे सगळं शेवटी याच देहाने करायचं आहे, तर देहाचे नियम समजून ते करता येत असणारच. उपवास, साखर, पाय, पाणी, गुडघे, जे नेमकं माहीत असेल ते लिहा.

टाळकरी_७

धागा वाचतोय. वाचनखूण साठवली.

साखरवही

मधुमेहापासून सुरुवात करते, कारण त्या दिवशी सगळ्यात आधी अडचणीत येणारे तेच.

उपवास आणि लांब चाल एकत्र आली की साखर दोन्ही बाजूंनी ओढली जाते. खाणं कमी म्हणून आत येणारी साखर कमी, आणि स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर उचलतात. त्यात गोळी नेहमीचीच घेतली तर साखर कोसळते. पण सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत. पेटीच्या वहीत प्रत्येकाच्या नावापुढे औषध लिहून घ्या आणि त्याचे तीन गट करा.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या पोटात अन्न असो नसो, इन्सुलिन सोडायला लावतात. या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांवर सगळ्यात जास्त लक्ष हवं. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर सहसा कोसळत नाही. तिसरा गट डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनचा. या गोळ्या लघवीतून साखर आणि पाणी बाहेर काढतात. उपवास, घाम आणि ही गोळी असं एकत्र आलं की शरीर सुकतं आणि रक्तात आम्ल साठू शकतं. फसवी गोष्ट अशी की तेव्हा साखर फार वाढलेली दिसेलच असं नाही. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर थेट रुग्णालय. एकादशीच्या आधी ही गोळी किती दिवस थांबवायची, पहिल्या गटातली निम्मी करायची की वगळायची, हे प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांकडून प्रस्थानाआधी कागदावर लिहून आणावं. घाटात उभं राहून हा निर्णय होत नाही.

साखर कोसळल्याची खूण म्हणजे हात थरथरणं, गार घाम, अचानक चिडचिड, शब्द अडखळणं. टाळाचा ठेका चुकायला लागला तरी बघा. मोजून ७० च्या खाली आली तर १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर किंवा साखर, म्हणजे सपाट तीन चमचे, पाण्यातून. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, वाढली नसेल तर पुन्हा तेवढंच. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, घशात अडकतं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन.

पंगतप्रमुख

इथे एक चूक नेहमी होते. साखर कोसळली की हातात राजगिऱ्याचा लाडू नाहीतर शेंगदाण्याची चिक्की देतात. चिक्कीतल्या तेलामुळे साखर हळू चढते. त्या क्षणी नुसती साखर किंवा ग्लुकोजच. लाडू नंतर, साखर वर आल्यावर, ती टिकवण्यासाठी.

साखरवही

अगदी बरोबर. आणखी एक. साखर फक्त चालतानाच पडते असं नाही. लांब चालीनंतर स्नायू आपला साठा रात्रभर भरत असतात, त्यामुळे पहाटे दोन-तीनला तंबूत झोपेत कोसळू शकते. सासवडच्या मुक्कामी इन्सुलिनवाल्यांची साखर झोपण्यापूर्वी तपासा. शंभराच्या आसपास असेल तर तसंच झोपू देऊ नका, कपभर दूध आणि एक केळं द्या. दोन्ही उपवासाला चालतात.

दीपमाळ

साबुदाणा खिचडीबद्दल कोणी लिहिणार का? आमच्याकडे उपवास म्हणजे तीच.

पंगतप्रमुख

लिहितो, यावर बरंच सांगण्यासारखं आहे.

साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात पिठूळ भाग पंचाऐंशी ग्रॅमच्या वर आणि प्रथिनं नावापुरती. साखर भरभर चढते आणि दोन-अडीच तासांत उतरते. चालणाऱ्याला नेमकं उलटं हवं असतं. खिचडी करायचीच असेल तर साबुदाणा निम्मा करा, बाकी दाण्याचं कूट आणि उकडलेलं रताळं. सोबत वाटीभर ताक किंवा दही. कुटामुळे चढउतार मंदावतो.

राजगिऱ्यात प्रथिनं चांगली, शंभर ग्रॅमला तेरा-चौदा ग्रॅम. पण लाह्या फोडल्या की त्यातला स्टार्च मोकळा होतो आणि तोही झपाट्याने पचतो. म्हणून मधुमेह्याने गुळातला लाह्यांचा लाडू "पौष्टिक" म्हणून तीन-तीन खाऊ नयेत. राजगिऱ्याच्या पिठाची भाकरी किंवा थालीपीठ त्यापेक्षा बरं.

आता भगर, म्हणजे वरई. ही चालीसाठी चांगली, पण दिंडीत सर्वांत जास्त घात हीच करते. २०२४ च्या फेब्रुवारीत बुलढाणा जिल्ह्यात सप्ताहातल्या भगर-आमटीच्या प्रसादाने कितीतरी लोकांना विषबाधा झाली आणि रस्त्यावर दोऱ्या बांधून सलाइन लावावं लागलं होतं. ओलसर हवेत भगरीवर अॅस्परजिलस जातीची बुरशी धरते, तिचं विष शिजवूनही पूर्ण जात नाही. वारी ज्या महिन्यात निघते ती हवा बुरशीला हवी तशीच. म्हणून सुटी भगर घ्यायची नाही, बंद पाकीट, त्यावरची तारीख पाहून. तयार पीठ अजिबात नको, पीठ ओलावा चटकन धरतं. धुऊन, निवडून, लागेल तेवढीच शिजवा, आणि सकाळची उरलेली संध्याकाळच्या पंगतीला वाढू नका. मोठ्या पातेल्यात झाकून ठेवलेली भगर सहा तास कोमट राहते, तेवढ्यात जंतूंची पंगत होऊन जाते.

टाळकरी_७

जंतूंची पंगत! हे आचाऱ्याच्या तंबूवर लिहून लावतो.

सोलापूरकर

ओआरएस उपवासाला चालतं का? दर वर्षी या प्रश्नावर अर्धा तास जातो.

विणेकरी

चालतं. पुडीत काय असतं ते पाहा : ग्लुकोज, मीठ, पोटॅशियमचा क्षार आणि सायट्रेट. धान्य नाही. फक्त काही पुड्या तांदळाच्या पिठापासून केलेल्या असतात, त्या एकादशीला टाळा. मागे घटक छापलेले असतात. इन्सुलिन टोचल्यानेही उपवास मोडत नाही, ते अन्न नव्हे.

संप्रदायात एकादशी कडक आहे हे खरं, पण आजारी, वृद्ध, गरोदर यांना फलाहार-दुधाची मुभा पूर्वीपासून आहे. ज्याला गोळीसोबत खाणं भागच आहे त्याने दर अडीच-तीन तासांनी थोडा फराळ करावा. एकादशी मोडली असं त्याला कोणी म्हणू नये, आणि विणेकऱ्याने किंवा दिंडीप्रमुखांनी हे आदल्या दिवशी कीर्तनानंतर सगळ्यांसमोर सांगावं. लोक डॉक्टरांपेक्षा त्यांचं ऐकतात. लपूनछपून उपवास करणारा माणूस सगळ्यात धोक्यात असतो, कारण त्याने खाल्लं नाही हे पेटीवाल्याला कळतच नाही.

कऱ्हामाई

विणेकरी, हे सोनं आहे. दशमीच्या कीर्तनानंतर दिंडीप्रमुखांना नक्की विनंती करते.

पाणीपुरवठा

पाण्याबद्दल लिहितो.

ओआरएसची पूर्ण पुडी एक लिटरमध्येच. अर्ध्या लिटरमध्ये टाकली तर जास्त गोड, जास्त खारट होऊन जुलाब वाढतात. पुडी नसेल तर एक लिटर पिण्याच्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. कालवलेलं चोवीस तासांनी टाकून द्यायचं. चवीच्या खोक्यातली पेयं यात धरू नका, त्यांत साखर बरीच जास्त असते. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे का ते बघा.

किती प्यायचं? उन्हात चालताना दर वीस मिनिटांनी पेलाभर, म्हणजे तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर. नुसतं पाणी ढोसणंही वाईट. घामातून मीठ जातं, उपवासाला जेवणातलं मीठ आधीच कमी, आणि वर चार-पाच लिटर साधं पाणी गेलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, उलटी, भ्रमल्यासारखं होणं. उन्हाचा त्रास समजून आणखी पाणी पाजतात आणि माणूस जास्त बिघडतो. म्हणून एकादशीला तीन-चार पेले पाण्यामागे एक पेला ओआरएस किंवा मीठ घातलेलं ताक. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांचं पाणी, मीठ आणि शहाळंसुद्धा डॉक्टरांनी ठरवून दिलेलंच, कारण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर.

टँकरचं पाणी भरताना क्लोरिनचा वास येतो का पाहून थांबू नका, तपासणीच्या थेंबांची बाटली जवळ ठेवा. शंका असेल तर क्लोरिनची गोळी पाकिटावर लिहिलेल्या मापाने, आणि टाकल्यावर अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यात गोळी काम करत नाही. आधी चौपदरी सुती कापडातून गाळा.

अवांतर : इंग्रजांच्या काळात पंढरपूरची यात्रा आणि पटकी, म्हणजे कॉलरा, ही जोडी ठरलेली होती. वाल्देमार हाफकिन यांनी १८९३ पासून भारतात पटकीची लस टोचायला सुरुवात केली, आणि पुढे यात्रेकरूंना टोचून घेण्याची सक्ती होऊ लागली. तेव्हाचे वारकरी आजच्यापेक्षा कमी भाविक नव्हते. पाणी वाईट होतं.

तुळशीमाळ

पाणीपुरवठा, तुमचं शेवटचं वाक्य मला टोचलं. तुम्ही सगळं पाणी आणि साखरेवर आणून ठेवता. नामाने शरीरावर काहीच होत नाही का? ऐंशीच्या आजी अडीचशे किलोमीटर चालतात ते ओआरएसवर?

श्वासोच्छ्वास

तुळशीमाळ, होतं, आणि ते मोजलंही गेलं आहे. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. लॅटिन जपमाळेची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र, दोन्हींनी श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ आला, आणि रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया सुधारली. कारण साधं आहे. ओळ म्हणताना श्वास सावकाश बाहेर जातो, आणि लांब उच्छ्वासाने हृदयाची गती शांत होते.

अभंगाच्या चालीतही तेच होतं. टाळकरी चरण म्हणतात, मागचे धरतात, आणि धरणाऱ्यांना मध्ये श्वास घ्यायला जागा मिळते. आलटून-पालटून गाण्याची ही रीत चालणाऱ्यासाठी फार सोयीची आहे.

यातून थेट कामाची मोजपट्टी मिळते. व्यायामशास्त्रात असं धरतात की बोलता येतं पण गाता येत नाही तो मध्यम श्रम, आणि गाता येतं तो हलका. दिंडीच्या पावलाने चालत अभंग म्हणता येतो, म्हणजे ही गती हलकी आहे, आणि म्हणूनच ती अठरा-वीस दिवस टिकते. ज्याला चरण पुरा करता येत नाही, मध्येच तोडावा लागतो, त्याने पाऊल कमी करायचं. दोन वाक्यंही बोलता येत नसतील तर थांबायचं. घाटात हे घड्याळापेक्षा खात्रीचं.

साखरवही

माफक सहमत. मंत्राच्या त्या अभ्यासात लोक निवांत बसलेले होते, घाट चढत नव्हते, एवढं ध्यानात ठेवू.

श्वासोच्छ्वास

मान्य. प्रयागच्या माघमेळ्याचाही एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. महिनाभर थंडीत राहणारे ४१६ कल्पवासी आणि न गेलेले १२७ जण. मेळ्यानंतर कल्पवासींनी स्वतःची तब्येत आधीपेक्षा बरी असल्याचं सांगितलं, न गेलेल्यांत तसा बदल नव्हता. हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे, रक्त तपासलेलं नाही. तरी थंडी, गोंगाट, गर्दी सोसूनही बरं वाटतं, ही गोष्ट लहान नाही.

पायवैद्य

तुळशीमाळ, त्या आजींचं उत्तर थोडं मीही देतो. त्या वर्षभर शेतात चालतात. त्यांचे पाय आणि गुडघे वारीला तयारच असतात. धोक्यात असतो तो खुर्चीवर बसणारा, ज्याने 'एक दिवस वारी' म्हणून नेमका पुणे-सासवड हा टप्पा निवडला आहे. वीस दिवसांतला सगळ्यात अवघड दिवस तो बिनसरावाने चालतो. एकच दिवस जमत असेल तर पुढचे छोटे टप्पे घ्या, सासवड-जेजुरी किंवा लोणंद-तरडगाव.

पायांचं सांगतो. फोड तीन गोष्टींनी येतो : घर्षण, ओल, उष्णता. यातली एक काढली तरी बराचसा टळतो. चप्पल-बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय सुजलेला असतो, आणि पुढे अंगठाभर रुंदीची जागा ठेवा. निदान सहा आठवडे वापरलेलीच पादत्राणं वारीत. नवी कोरी घालून निघालेला हडपसरपर्यंतच लंगडायला लागतो. मोजे दोन जोड, दुपारच्या विसाव्याला बदलायचे, ओले पिशवीला बाहेरून बांधायचे. टाच, अंगठ्याची कड आणि चवड्याला सकाळी व्हॅसलीन. कुठे चटका लागल्यासारखं वाटलं की लगेच थांबून कागदी चिकटपट्टी लावा. "विसाव्याला बघू" म्हटलं की तोवर फोड आलेला असतो.

फोड लहान असेल तर फोडू नका. मोठा, ताणलेला, पाऊल टेकू न देणारा असेल तर साबणाने धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला खालच्या बाजूने दोन छिद्रं, हलकं दाबून पाणी काढा. वरची कातडी काढायची नाही, तीच सर्वांत चांगली पट्टी. वर पोव्हिडोन आयोडिन आणि कोरडी गॉज. मधुमेह्याच्या पायाला हे स्वतः करू नका, त्याला डॉक्टरांकडेच न्या. उघडी जखम घेऊन नीरा किंवा चंद्रभागेत उतरायचं नाही. काठावर पाणी डोळ्यांना लावलं तरी स्नान पावतं.

बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या तर पाय पुसून पूर्ण कोरडे करा, क्लोट्रिमॅझोल मलम दिवसातून दोनदा. ओल्या पायांवर मलम वाया जातं.

अनवाणी

माझं मत वेगळं आहे. अनवाणी चालणं हे तप आहे आणि शेकडो वारकरी ते करतात. पायाला जमीन कळते, पाऊल हलकं पडतं, फोडही बूटवाल्यांनाच जास्त येतात. सगळ्यांना बूट घालायला लावू नका.

पायवैद्य

अनवाणी माउली, ज्याचा तळवा वर्षानुवर्षं घट्टे धरून तयार आहे त्याच्याबद्दल वाद नाही. प्रश्न मधुमेह्याचा आहे. त्याच्या तळव्याची संवेदना गेलेली असते आणि ते त्याला माहीत नसतं. जूनअखेरीला फलटण-माळशिरस पट्ट्यात पाऊस नसेल तर दुपारी डांबर चटके देतं. निरोगी माणूस पाय उचलतो. संवेदना गेलेला तसाच चालत राहतो, आणि संध्याकाळी तळव्याची कातडी सुटलेली दिसते. त्या जखमेतून बोट, कधी पाय जातो.

तपासणी सोपी. दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट नावाचा नायलॉनचा तंतू मिळतो. डोळे मिटायला सांगून अंगठा आणि चवड्यावर, घट्टे टाळून, तो वाकेपर्यंत टेकवायचा. यातली एक जागा जरी कळली नाही, तरी अनवाणी चालणं पूर्ण बंद. प्रस्थानाआधी पंधरा मिनिटांत दहा माणसं होतात.

अनवाणी

हे पटलं. मग असं करता येईल : ज्यांना अनवाणी राहण्याचा नेम आहे पण तपासणीत अडलं, त्यांनी मुक्कामी कीर्तनात सतरंजीवर पायताण काढावं, रस्त्यावर नाही. नेमही राहील.

पायवैद्य

उत्तम. रिंगणाच्या मातीत मात्र नको, काटा घुसला तरी त्यांना कळत नाही.

फुगडी

पाय चेपायच्या सेवेबद्दल कोणी बोललंच नाही. मुक्कामाच्या गावात लोक वारकऱ्यांचे पाय धुतात, तेल लावून चेपून देतात. ही सेवा म्हणजेच पायाची रोजची तपासणी होऊ शकते. चेपणाऱ्याला एवढंच शिकवायचं : आधी विजेरीच्या उजेडात तळवा, टाच आणि बोटांच्या बेचक्या बघ, लाल, ओलं, फाटलेलं दिसलं तर पेटीवाल्याला हाक मार. दोन गोष्टी टाळायच्या. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर चेपायची नाही, आत रक्ताची गाठ असू शकते. आणि मधुमेह्याचा पाय गरम पाण्यात किंवा विटेने शेकायचा नाही, भाजलेलं त्याला कळत नाही.

दीपमाळ

+१. चेपणाऱ्याला देवाचे पाय दिसतात आणि पेटीवाल्याला चिखल्या. दोघांचंही काम झालं.

पताकाधारी

तुळस डोक्यावर घेणाऱ्या माउलींसाठी : चुंबळ जाड आणि सपाट हवी, वृंदावन पितळेचं असेल तर अर्ध्या तासाने पाळी बदला. मणक्याचा त्रास, हाताला मुंग्या असतील तर ते घेऊच नका, पताका घ्या. पखवाजाचा पट्टा रुंद हवा आणि विसाव्याला खांदा बदला. टाळाची दोरी बोटाला करकचून गुंडाळू नका, बोट सुन्न पडतं. फुगडी आणि उड्यांच्या पावल्या खेळण्याआधी पायाखालची जमीन बघा, घोटा तिथेच मुरगळतो. मुरगळला तर थंड पाण्याची पट्टी, क्रेप बँडेज आणि पाय उशाएवढा वर. पहिल्या दिवशी चोळू नका.

सोलापूरकर

गुडघ्यासाठी? आणि दुखण्यावरची गोळी रोज घेतली तर चालते का? बरेच जण डायक्लोफेनॅक खिशात घेऊनच निघतात.

पायवैद्य

ती सवय वाईट. अंगात पाणी कमी असताना डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. जोडीला रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी असेल तर मूत्रपिंड काही दिवसांत बसू शकतं. उपवासाच्या पोटी जठरातून रक्तस्रावही होतो. त्याऐवजी पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी, दिवसाला तीनपर्यंत.

गुडघ्याचं खरं औषध आधीचे आठ आठवडे. मांडीचा पुढचा स्नायू बळकट असला की गुडघ्यावरचा भार तो घेतो. उताणं झोपून, गुडघा ताठ ठेवून पाय वीतभर उचला, दहा मोजा, खाली. दहा वेळा, दोन्ही पायांनी, सकाळ-संध्याकाळ. चाल आठवड्यातून चार दिवस, पाच किलोमीटरपासून. दर आठवड्याला फक्त एकच दिवस दोन किलोमीटरने वाढवा. शेवटी एकदा अठरा-वीस, आणि दुसऱ्याच दिवशी दहा-बारा. हा दुसरा दिवस महत्त्वाचा, कारण वारी म्हणजे थकलेल्या पायांनी पुन्हा चालणं. जमलं तर पर्वतीच्या पायऱ्या.

विसाव्याला बसून गप्पा मारण्यापेक्षा वीस मिनिटं उताणं पडून पाय गाठोड्यावर ठेवा. सावकाश चाल आणि वारंवार उभं राहणं यानेच पायांत पाणी उतरतं.

मुक्ताई_चरणी

बायकांचा एक मुद्दा. शौचालयाची सोय नसेल या भीतीने पाणीच कमी पितात, मग तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ, ताप. निर्मल वारीची फिरती शौचालयं मुक्कामी असतात, वाटेत मात्र शोधावी लागतात. दिंडीतल्या दोघींनी पुढे जाऊन जागा बघून ठेवायची आणि दर दोन तासांनी सगळ्यांनी जायचंच, लागो न लागो. पाळीसाठी कपडा-पॅडची वेगळी पिशवी पेटीसोबत असू द्या, मागायला संकोच वाटणार नाही अशा बाईच्या हातात.

कऱ्हामाई

मुक्ताई, हे माझ्या यादीत नव्हतं, आता पहिल्या पानावर आहे.

पुन्हा मूळ प्रश्नाकडे येते. एकादशीच्या दिवसाचा क्रम कोणी लावून देईल का?

पंगतप्रमुख

लावतो. पहाटे काकड्यानंतर निघण्याआधी भगर, दाण्याची आमटी, वाटीभर दही. मधुमेह्यांची साखर इथेच मोजा, शंभरच्या खाली असेल त्याला खाऊ घालूनच सोडा. हडपसरला केळं नाहीतर चार खजूर, आणि पहिला ओआरएस. वडकीनाल्याच्या दुपारच्या विसाव्याला रताळं घातलेली निम्म्या साबुदाण्याची खिचडी आणि ताक, मोजे बदलायचे, पाय वर करून पडायचं, पहिल्या गटातल्यांची साखर पुन्हा मोजायची. घाटाआधी भरपेट नको. घाटात फक्त पाणी आणि खडीसाखर. घाटमाथ्यावरच्या दिवे गावाला पोचल्यावर दुसरा ओआरएस. सासवडला दूध, आणि द्वादशीला पारणं लवकर.

पाणीपुरवठा

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं : पेटी ट्रकमध्ये ठेवू नका. सामानाचा ट्रक पुढे मुक्कामी जातो, आणि दिवसभर दिंडीजवळ काहीच नसतं. इन्सुलिन ट्रकच्या टपाखाली तापून निकामी होतं ते वेगळंच. चालणारी पेटी वेगळी करा, दोघांच्या पाठीवर वाटून : साठ ओआरएस पुड्या, अर्धा किलो ग्लुकोज, ग्लुकोमीटर आणि पन्नास पट्ट्या, थर्मामीटर, रक्तदाबाचं यंत्र, गॉज, कागदी चिकटपट्टी, क्रेप बँडेज, पॅरासिटामॉल. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली साधारण २५ ते ३० अंशांखाली चार आठवडे टिकते. छोट्या मातीच्या मडक्यात ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. बर्फाला थेट टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकावं लागतं.

साखरवही

आणि चालीच्या दिवशी सुई पोटावर, मांडीवर नको. चालत्या मांडीतून इन्सुलिन भराभर रक्तात जातं.

टाळकरी_७

ऊन लागल्याचं कसं ओळखायचं?

पायवैद्य

थकवा, घाम, चक्कर असेल तर सावली, पाणी, पाय वर. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, ताप ४० अंशांच्या वर, तर तो उष्माघात. कपडे सैल करा, सगळ्या अंगावर पाणी ओता, पताकांनी वारा घाला, आणि तोवर दुसऱ्याने १०८ लावलेला असू दे. आधी गार करायचं, मग हलवायचं. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, गार घाम हे उपवासाचं पित्त समजू नका.

तुळशीमाळ

सगळं वाचलं. माझ्या आधीच्या प्रश्नाला धरूनच विचारते. एवढं करून पंढरपुरात पोचलं की पदस्पर्शाच्या रांगेत कितीतरी तास उभं राहावं लागतं. वीस दिवसांच्या थकलेल्या पायांनी ते कसं करायचं?

विणेकरी

ज्याचे पाय सुजलेत, ज्याची साखर वरखाली होतेय, त्याने रांगेत उभं राहू नये. नामदेव पायरीला डोकं टेकवावं आणि कळसाचं दर्शन घ्यावं. आपल्याकडे कळसदर्शनाने वारी पुरी होते असं मानणारे वारकरी पूर्वीपासून आहेत, ती काही तडजोड नव्हे. २०२० आणि २०२१ मध्ये पादुका बसने गेल्या, आणि लाखो वारकऱ्यांनी घरच्या उंबऱ्यातून हात जोडले. त्यांची वारी चुकली असं कोणी म्हटलं नाही.

तुळशीमाळ

मग कऱ्हामाई, तुमच्या पेटीवहीत माझंही नाव लिहा. ग्लिमेपिराइड, सकाळी एक. डॉक्टरांचा कागद सोमवारी आणते.

कऱ्हामाई

लिहिलं, माउली. पहिला गट. हडपसरला मी स्वतः केळं घेऊन उभी असेन.